'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल' (१९७३): भारतात राहून कोणती डिस्क घ्यावी?

रंकाळ्याकाठी

सर्वांना नमस्कार.

पीटर येट्स यांचा 'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल' हा अमेरिकन गुन्हेपट मी पहिल्यांदा पाहिला त्याला आता पंचवीसेक वर्षे झाली. परदेशातल्या एका वाहिनीवरून कोणीतरी उतरवून घेतलेली व्हीएचएस फीत एका मित्राकडे आली होती आणि ती नकलेची नक्कल होती. चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या, अंधारातल्या प्रसंगांत चेहऱ्यांच्या जागी नुसते तपकिरी डाग, आणि आवाज इतका खोल गेलेला की आम्ही दोघे टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसलो होतो. माझे इंग्रजी बरे असूनही निम्मे संवाद हातातून निसटले.

तरीही त्यातला एक प्रसंग तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एडी (रॉबर्ट मिचम) हा चोरीच्या पिस्तुलांची ने-आण करणारा, पन्नाशी गाठलेला दलाल. कॅफेटेरियातल्या एका टेबलाशी तो शस्त्रे विकणाऱ्या एका तरुण पोराला आपला हात दाखवतो. आपल्या बोटांना इतरांपेक्षा जास्त पेरे का आहेत, ते तो सांगतो. त्याने पुरवलेल्या बंदुकांचा माग लागला, एक माणूस तुरुंगात गेला, आणि मग त्या माणसाच्या मित्रांनी येऊन एडीला हात टेबलाच्या खणात ठेवायला सांगितले आणि खण लाथेने बंद केला. पडद्यावर ना खण दिसतो, ना लाथ. भाजीच्या वाढलेल्या भावाविषयी बोलावे तशा सुरात एक थकलेला माणूस हे सांगत राहतो, आणि ऐकणारा आपल्या स्वतःच्या बोटांकडे पाहू लागतो.

हा चित्रपट दुर्लक्षित का राहिला, याविषयी माझा एक अंदाज आहे. वर्षभरापूर्वी, १९७२ साली, हाच चित्रपट काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीचा 'द गॉडफादर' येऊन गेला होता आणि गुन्हेगारांच्या जगाकडे घराण्याच्या वैभवाच्या चष्म्यातून पाहायची सवय प्रेक्षकांना लागली होती. शिवाय येट्स यांनी १९६८ साली 'बुलिट' दिला होता, तेव्हा त्यांच्याकडून मोटारींच्या पाठलागाची अपेक्षा असणार. इथे मात्र वैभव नाही आणि पाठलागही नाही. चार माणसे आळीपाळीने एकमेकांसमोर बसतात, बोलतात आणि त्या बोलण्यातूनच एकमेकांना विकतात. चित्रपटगृहात तो चालला नाही आणि त्यानंतर २००९ पर्यंत त्याची डीव्हीडीही निघाली नाही.

आता मुद्द्याचे. आम्ही बारा-तेरा जण दर दुसऱ्या शनिवारी माझ्या घराच्या माडीवर एकत्र चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर बोलतो. येत्या हिवाळ्यात हा चित्रपट दाखवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण या वेळी तो नीट दाखवायचा आहे. निवडक चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने त्याची डीव्हीडी आणि नंतर ब्लू-रे काढली, एवढे मला ठाऊक आहे. माझ्याकडचा ब्लू-रे प्लेअर भारतातच घेतलेला असल्यामुळे अमेरिकेतली डिस्क त्यावर चालेल का, हा पहिला प्रश्न. डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या चित्रात या विशिष्ट चित्रपटापुरता किती फरक पडतो, आणि संवाद कळण्यासाठी इंग्रजी उपशीर्षके कितपत उपयोगी ठरतात, हेही ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. आमच्यातल्या निम्म्या सभासदांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यामुळे कृपया शेवट उघड करू नये.

शेवटचे रीळ

रंकाळ्याकाठी, आधी प्लेअरचे पाहू, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळे व्यर्थ आहे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. हौसेने मागवलेली डिस्क प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर फक्त प्रदेश जुळत नसल्याची सूचना आली. ती डिस्क पुढे दीड वर्ष कपाटात पडून होती.

डीव्हीडीसाठी जगाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यांत अमेरिका पहिल्या विभागात येते आणि भारत पाचव्या. ब्लू-रेचे विभाग अक्षरांनी ओळखले जातात. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया 'ए'मध्ये येतात, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया 'बी'मध्ये, तर भारत, चीन आणि रशिया 'सी'मध्ये. क्रायटेरियनची अमेरिकेतली ब्लू-रे 'ए' विभागाला बांधलेली असते, त्यामुळे इथे विकला जाणारा 'सी' विभागाचा प्लेअर ती स्वीकारणार नाही. डीव्हीडीच्या बाबतीत पुष्कळ प्लेअरवर रिमोटची काही बटणे ठरावीक क्रमाने दाबून विभाग बदलता येतो. ब्लू-रेचे कुलूप मात्र इतके सैल नसते आणि त्यासाठी बहुधा सर्व विभाग चालवणारा प्लेअरच घ्यावा लागतो. तो महाग वाटत असेल तर संगणकाला जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह हा दुसरा मार्ग आहे. तिथे ब्लू-रेचा विभाग डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठरतो. अशा ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा विभाग मात्र सामान्यतः पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्या वेळी जो असेल तोच कायम राहतो. तेव्हा प्रयोग करताना ते बटण सहज म्हणून दाबू नका.

ब्रिटनमध्ये 'मास्टर्स ऑफ सिनेमा' या मालिकेतही हा चित्रपट ब्लू-रेवर आला आहे, पण ती प्रत 'बी' विभागाची असल्यामुळे तुमची अडचण तीच राहते.

डीव्हीडी की ब्लू-रे, याचे उत्तर मी निःशंकपणे ब्लू-रे असे देईन, आणि इतर चित्रपटांपेक्षा या चित्रपटासाठी जास्त ठामपणे देईन. क्रायटेरियनची डीव्हीडी मे २००९ मध्ये आली, मालिकेतला तिचा क्रमांक ४७५. ब्लू-रे एप्रिल २०१५ मध्ये आली. डीव्हीडी वाईट आहे असे मुळीच नाही, तिच्यासाठी केलेले रूपांतर स्वतः येट्स यांनी पाहून संमत केलेले होते. पण व्हिक्टर केम्पर यांचे छायाचित्रण, ज्यांनी पुढे १९७५ साली 'डॉग डे आफ्टरनून' चित्रित केला, ते शरद ऋतूच्या मावळत्या उजेडातले आहे. तपकिरी कोट, राखाडी काँक्रीट, ओलसर वाहनतळ, दिवसाही दिवे लावावे लागतील असा मद्यगृहाचा कोपरा. हे सगळे रंग एकमेकांना इतके लागून आहेत की तपशील थोडा कमी झाला तरी त्यांचा चिखल होतो. तुमच्या फितीवर जे तपकिरी डाग दिसले, त्यांच्या जागी ब्लू-रेवर मिचम यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, न दाढी केलेली हनुवटी आणि कॉलरची चुरगळ दिसते. या चित्रपटात अभिनय तिथेच तर आहे. ब्लू-रेवर मूळ फिल्मचा रवाळपणा टिकवून ठेवलेला आहे, तो दोष समजू नये. टीव्हीमधली 'नॉइज रिडक्शन' आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय दोन्ही बंद करा, नाहीतर तो रवा धुऊन निघतो आणि चेहरे पुन्हा मेणाचे होतात. चौकट १.८५ : १ या प्रमाणातली आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर वर आणि खाली अगदी बारीक काळी पट्टी येईल. ती यायलाच हवी.

आवाजाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण निम्मे संवाद निसटल्याची तुमची तक्रार मला जवळची वाटली. चित्रपटाचा ध्वनी मुळात एकपदरी, म्हणजे मोनो आहे आणि ब्लू-रेवर तो दाबून लहान न करता दिलेला आहे. तुमच्या माडीवर पाच-सहा स्पीकरांची मांडणी असेल आणि ॲम्प्लिफायर आपणहून त्या मोनो आवाजाचे कृत्रिम 'सराउंड' करत असेल, तर ती सोय बंद ठेवा. संवाद फक्त मधल्या स्पीकरमधून येऊ द्या आणि तो स्पीकर बसलेल्या माणसांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. या चित्रपटातली माणसे ओरडत नाहीत, शेजारच्या टेबलावर ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलतात. आवाज चारी बाजूंनी पसरला की ती कुजबुज नाहीशी होते. डेव्ह ग्रूसिन यांचे संगीत अधूनमधून येते तेव्हा ते संवादापेक्षा बरेच ठणठणीत वाटेल, म्हणून आवाजाची पातळी संवादावर बेतून ठेवा आणि मग तिला हात लावू नका.

जादा साहित्य बेताचेच आहे आणि याचे मला आजही वाईट वाटते. येट्स यांचे संपूर्ण चित्रपटभर चालणारे ध्वनिमुद्रित भाष्य आणि स्थिरचित्रांचा संग्रह, एवढेच डिस्कवर आहे. पण येट्स जानेवारी २०११ मध्ये वारले, म्हणजे ते भाष्य वेळेत झाले नसते तर कधीच झाले नसते. सोबतच्या पुस्तिकेत केंट जोन्स यांचा लेख आहे, आणि १९७३ साली 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात आलेला ग्रोव्हर ल्यूइस यांचा, चित्रीकरणाच्या जागी मिचम यांच्यासोबत राहून लिहिलेला दीर्घ लेखही आहे. जुनी डिस्क घ्यायची वेळ आली तर पुस्तिका सोबत आहे ना, हे विक्रेत्याला आधी विचारा.

ब्लू-रेची छापील किंमत ३९.९५ डॉलर आहे. अमेरिकेतले 'बार्न्स अँड नोबल' हे पुस्तकांचे दुकान जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनच्या डिस्क बहुधा निम्म्या किमतीत विकते. कोणी नातेवाईक तिकडे असेल तर त्यांच्याकरवी तेव्हा घेऊन सामानातून आणवणे सर्वांत बरे. टपालाने मागवल्यास सीमाशुल्क लागू शकते, आणि डब्यातली मधली पकड तुटून डिस्क आत घासत आलेलीही मी पाहिली आहे.

क्विन्सीकर

हा धागा पाहून फार आनंद झाला. मी गेली अठरा वर्षे बॉस्टनच्या दक्षिणेला राहतो आणि हा चित्रपट इथल्याच रस्त्यांवर चित्रित झालेला आहे. 'शेवटचे रीळ' यांनी चित्र आणि आवाज यांविषयी जे सांगितले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, म्हणून मी उपशीर्षकांविषयी आणि जागांविषयी लिहितो.

उपशीर्षके जरूर लावा. डिस्कवरची इंग्रजी उपशीर्षके कर्णबधिर प्रेक्षकांसाठी केलेली असल्यामुळे संवाद जवळजवळ शब्दशः येतात. तरीही दोन गोष्टी ती सांगू शकत नाहीत. पहिली म्हणजे उच्चार. इथल्या जुन्या बोलीत शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा 'र' गळतो, 'कार'चे 'का' होते आणि 'पार्क'चे 'पाक'. मिचम बॉस्टनचे नव्हते, तरी त्यांनी ही बोली ज्या सहजतेने उचलली आहे ती ऐकण्यासारखी आहे. बाहेरचे नट इथली बोली बोलू लागले की बहुतेकदा ती वाजवून दाखवतात, मिचम तसे करत नाहीत. उपशीर्षकात तो 'र' नेहमीसारखा छापलेला असतो, त्यामुळे ऐकलेले आणि वाचलेले जुळत नाही असे तुमच्या सभासदांना वाटेल. हे आधीच सांगून ठेवलेत तर पहिली वीस मिनिटे गोंधळात जाणार नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्दांचे अर्थ. मूळ कादंबरी लिहिणारे जॉर्ज हिगिन्स हे सरकारी वकील होते आणि गुन्हेगार, पोलीस, वकील यांचे बोलणे त्यांनी कामाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे ऐकले होते. कादंबरीचा बराचसा भाग नुसत्या संवादांचा आहे आणि पॉल मोनाश यांनी पटकथा लिहिताना त्यातले पुष्कळसे तसेच ठेवले. या बोलण्यात 'अंकल' हा शब्द येतो. आपण 'अंकल'ला मदत करतो आहोत असे एडी म्हणतो, तेव्हा तो कुठल्या काका-मामाविषयी बोलत नसतो. 'अंकल सॅम' म्हणजे केंद्र सरकार, आणि त्याला मदत करणे म्हणजे खबर देणे. हे ठाऊक नसेल तर कथेचा मुख्य धागाच सुटतो. तसेच इथली माणसे आयरिश वस्तीतली आहेत, इटालियन माफियातली नव्हेत. चित्रपटात वरच्या कोणाचा तरी उल्लेख येतो, तो माणूस कधी दिसत नाही, आणि त्याचे नाव काढताना सगळे आवाज खाली आणतात.

जागांविषयी सांगायचे तर, नगरपालिकेच्या इमारतीपुढचे ते विटांचे ओसाड मैदान अजून आहे. स्कॉले स्क्वेअर नावाची जुनी, गजबजलेली वस्ती पाडून १९६०च्या दशकात तिथे सरकारी इमारती उभ्या केल्या. काँक्रीटची ती अवाढव्य इमारत चित्रीकरणाच्या वेळी अवघी चार-पाच वर्षांची होती. दोन माणसे त्या मोकळ्या जागेत थंडीत उभी राहून गुप्त गोष्टी बोलतात, कारण तिथे जवळपास कोणी येऊच शकत नाही. मी त्या जागेवरून कामाला जाताना शेकडो वेळा गेलो असेन, पण चित्रपट पाहीपर्यंत हे माझ्या लक्षात आले नव्हते. शॅरन गावाच्या रेल्वे स्थानकाबाहेरचा वाहनतळही तुम्हाला दिसेल. चित्रपटातला सर्वांत ताणलेला प्रसंग तिथे घडतो, आणि तो भर दिवसा, लोक गाडीने येत-जात असताना घडतो, म्हणूनच अंगावर येतो.

बॉस्टन गार्डन हे जुने क्रीडागृह मात्र आता राहिलेले नाही. १९२८ साली उघडलेली ती वास्तू १९९५ मध्ये बंद झाली आणि नंतर पाडली गेली. एडी तिथे आइस हॉकीचा सामना पाहायला जातो. बॉबी ऑर या खेळाडूकडे पाहत तो त्याचे वय विचारावे तसे स्वतःशीच बोलतो, चोवीस वर्षांचा असेल नाही का, आणि पुढे केवढे आयुष्य पडले आहे त्याच्यासमोर. ऑर यांचा जन्म मार्च १९४८चा, म्हणजे १९७२च्या शरद ऋतूत ते खरोखरच चोवीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी ते संघात असताना बॉस्टनने आइस हॉकीचा स्टॅनली चषक दुसऱ्यांदा जिंकला होता. भारतीय प्रेक्षकाला हा संदर्भ लागत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: एडीच्या तोंडी ते वाक्य येते तेव्हा इथल्या माणसाला आपल्या गल्लीतल्या पोराविषयी बोलल्यासारखे वाटते. आज नव्या क्रीडागृहाबाहेर ऑर यांचा पुतळा आहे, गोल करून हवेत झेपावलेला. बाकी शेवटाविषयी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प बसतो.

मुक्तछंद

सर्वांचा उत्साह पाहून थोडा वेगळा अनुभव नोंदवतो, राग मानू नये. मी हा चित्रपट दोन वर्षांपूर्वी पाहिला आणि मला तो फार संथ वाटला. बँकांवरचे दरोडे उत्तम रंगवले आहेत. सकाळी व्यवस्थापकाच्या घरात शिरून कुटुंबाला ओलीस ठेवायचे, त्यालाच सोबत घेऊन बँकेत जायचे आणि तिजोरीचे वेळेचे कुलूप उघडेपर्यंत शांतपणे थांबायचे, हे पाहताना श्वास रोखला जातो. पण प्रत्येक दरोड्यानंतर पुन्हा कोणीतरी कोणाशी तरी टेबलावर बोलत बसते. मुख्य पात्राला तर दरोड्याशी थेट घेणेदेणेच नाही. चित्रपट १०२ मिनिटांचाच आहे, पण त्याहून मोठा वाटतो. बारा-तेरा जणांसमोर दाखवण्यासाठी नवा प्लेअर आणि परदेशी डिस्क एवढा खर्च करण्याआधी आपण एकट्याने कुठेतरी तो पुन्हा एकदा पाहून घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पंचवीस वर्षांपूर्वीची आठवण आणि आजचा अनुभव यांत अंतर पडू शकते.

काळा कोट

मुक्तछंद यांचे म्हणणे मी समजू शकतो, परंतु टेबलावरच्या ज्या बोलण्याचा त्यांना कंटाळा आला, त्याच्यासाठीच मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. मी मुंबईच्या सत्र न्यायालयात बरीच वर्षे फौजदारी वकिली केली आणि खबऱ्या या माणसाचे इतके खरे चित्रण मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात सापडले नाही.

तुमच्या सभासदांसमोर चर्चा होईल तेव्हा एक फरक जरूर मांडा. आपल्याकडे 'माफीचा साक्षीदार' आणि 'खबऱ्या' हे शब्द लोक सरमिसळ करून वापरतात. माफीच्या साक्षीदाराला कायद्यात जागा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली न्यायदंडाधिकारी त्याला अटी घालून माफी देऊ करत असे, त्याची साक्ष नोंदवली जात असे, अटी पाळल्या तर माफी टिकत असे. सगळे कागदावर असते. खबऱ्याचे तसे काहीच नसते. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ने, गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही असे संरक्षण दिले होते, पण ते खबर घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे. खबर देणाऱ्याला त्याच्या मोबदल्यात काय मिळेल, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नव्हते.

एडीची गोष्ट इथेच उभी आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात चोरीच्या दारूचा ट्रक चालवताना तो सापडला, दोषी ठरला, आणि आता शिक्षा सुनावली जाण्याची वाट पाहतो आहे. घरी बायको आणि तीन मुले आहेत, या वयात तुरुंगात जाणे त्याला झेपणार नाही. त्याला हवे आहे ते एवढेच, की फोली या केंद्रीय अधिकाऱ्याने तिथल्या सरकारी वकिलाकडे त्याच्याविषयी दोन चांगले शब्द घालावेत. फोलीच्या हातात शिक्षा नाही. खटला दुसऱ्या राज्याचा, वकील तिथला, न्यायाधीश तिथला. फोली फार तर शब्द टाकू शकतो, आणि तो शब्द किती खबरींना मिळतो याचा दर त्यालाच ठरवायचा असतो. एडी एक खबर आणून देतो, तेव्हा फोली सभ्यपणे, हसतमुखाने त्याला सांगतो की आणखी काहीतरी लागेल. रिचर्ड जॉर्डन यांनी फोलीला खलनायक केलेले नाही, हा त्यांच्या अभिनयाचा मोठेपणा. तो आपले काम चोख करणारा, मनमिळाऊ सरकारी नोकर आहे. असे अधिकारी मी पाहिले आहेत, त्यांच्यासमोर कठड्याला धरून उभे राहिलेले एडीही पाहिले आहेत, आणि "साहेबांनी शब्द दिला होता" हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की चित्रपटातले ते टेबल पाहताना मला घड्याळाकडे पाहावेसे वाटत नाही.

मद्यगृह चालवणाऱ्या डिलनच्या भूमिकेतल्या पीटर बॉइल यांच्या चेहऱ्याकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा. एवढेच सांगतो.

कायद्याचाच विषय निघाला म्हणून एक सूचना. या डिस्क घरगुती वापरासाठी विकल्या जातात. माडीवर मित्रांसोबत पाहणे वेगळे, पण उद्या मंडळाचे सभागृह घेऊन, पत्रिका छापून दाखवायचे ठरवलेत तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल.

रंकाळ्याकाठी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलात उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

ब्लू-रेच घ्यायची असे ठरवले आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तो डिसेंबरात येणार आहे. नोव्हेंबरच्या सवलतीत डिस्क घेऊन हातातल्या पिशवीतून आणायला त्याला सांगितले आहे आणि पुस्तिकेचे दोनदा बजावले आहे. प्लेअर बदलण्याऐवजी संगणकाला जोडायचा ड्राइव्ह घेईन. मुक्तछंद, आपला सल्ला मी मनावर घेतला आहे: डिस्क आली की आधी एकटाच पाहीन आणि माझी आठवण खोटी ठरली तर तसे इथे येऊन लिहीन. काळा कोट, आपण माफीचा साक्षीदार आणि खबऱ्या यांत जो फरक सांगितलात, तो त्या दिवशी चित्रपट सुरू होण्याआधी मी आपल्या परवानगीने वाचून दाखवणार आहे. क्विन्सीकर, 'अंकल' आणि बॉबी ऑर या दोन्हींची टिपणे एका कागदावर काढून प्रत्येकाच्या हाती देईन.

एक कल्पना आहे, ती बरी वाटते का सांगा. ती जुनी व्हीएचएस फीत मित्राने मला देऊन टाकली होती आणि ती अजून माझ्या कपाटात आहे. व्हीसीआरही चालू स्थितीत आहे. डिस्क लावण्याआधी बोटांच्या पेरांचा तो प्रसंग पाच मिनिटे फितीवरून दाखवावा आणि मग संपूर्ण चित्रपट डिस्कवरून पाहावा, असे मनात आहे. आपण हा चित्रपट कशातून पाहिला होता आणि तरी तो कसा टिकून राहिला, हे सभासदांना डोळ्यांनी दिसेल.

शेवटचे रीळ

कल्पना अतिशय चांगली आहे, पण फीत व्हीसीआरमध्ये घालण्याआधी थांबा. पंचवीस पावसाळे कपाटात काढलेल्या फितीला कोल्हापूरच्या दमट हवेत बुरशी लागलेली असण्याची शक्यता मोठी आहे. कॅसेट उजेडात धरून पारदर्शक खिडकीतून गुंडाळीच्या कडा पाहा. पांढरे ठिपके किंवा भुकटीसारखा थर दिसला, तर ती चालवू नका, कारण बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक फितीला लागते. कडा स्वच्छ काळ्या दिसल्या, तर कॅसेट दोन दिवस कोरड्या खोलीत उभी ठेवा, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. त्यानंतरच तो प्रसंग शोधा आणि फीत नेमकी तिथे आणून ठेवा, म्हणजे शनिवारी सर्वांसमोर ती पुन्हा पुन्हा पुढे-मागे करावी लागणार नाही.